दाढेतील चौथी नलिका

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळे तीन असतात. त्या मुळांतून जाणाऱ्या नलिका मात्र बहुतेक वेळा चार निघतात. ही चौथी नलिका शास्त्राला शंभर वर्षांपूर्वीच दिसली होती. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या तोंडात ती नेमाने शोधली जाऊ लागली ती मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस. मधल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ती दाढेत होती, छापील आकृत्यांत होती, आणि तरीही अगणित दाढांत न उघडता राहून गेली. हा धागा त्या मधल्या वर्षांचा आहे.

मुरबे हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. खाडीपलीकडे सातपाटी, किनाऱ्याने उत्तरेला गेले की तारापूर. ओहोटीला अशा खाडीकडे पाहिले तर मुख्य पात्राखेरीज चिखलात शिरलेले कितीतरी बारीक फाटे दिसतात. काही फिरून मुख्य पात्राला मिळतात, काही मध्येच संपतात, काही निराळ्याच तोंडाने समुद्र गाठतात. भरती आली की सारे एकसपाट पाण्याखाली जाते. दाताच्या मुळाच्या आतली रचना बरीचशी अशीच आहे, आणि दंतवैद्याला ती बहुधा भरतीतच पाहावी लागते.

दाताच्या मधोमध मऊ गाभा असतो. व्यवहारात त्याला ‘नस’ म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि तो मुळांतील नलिकांमधून खाली उतरून जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. कीड गाभ्यापर्यंत पोहोचली की तो सुजतो, मग मरतो, आणि मेलेल्या गाभ्यावर जंतू पोसले जातात. ते नलिकेच्या टोकातून हाडात उतरले की गालावर सूज येते, पू होतो, रात्र जागून काढावी लागते. ‘रूट कॅनाल’ म्हणजे या सर्व नलिका शोधणे, खरवडणे, धुणे आणि बंद करणे. यातला ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा. चारांपैकी तीन नलिका उत्तम साफ केल्या आणि चौथी राहिली, तर जंतूंना घर शाबूत राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आधी उपचार झालेले सुमारे चौदाशे दात त्रिमितीय क्ष-किरण चित्रांवर तपासले गेले. त्यांपैकी २३ टक्के दातांत किमान एक नलिका राहून गेली होती, आणि अशा दातांच्या मुळाशी विकार आढळण्याची शक्यता चौपटीहून अधिक होती.

दातदुखी शेतीइतकी तरी जुनी आहेच. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. धान्यावर जगणाऱ्या त्या माणसांच्या दातांनाही कीड होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किडलेल्या दातावर एक उपचार सांगितला आहे: पोकळी गुळाने किंवा मेणाने भरायची आणि वरून तापवलेल्या सळईने डाग द्यायचा. वाचताना अंगावर काटा येतो. पण आतला जिवंत भाग जाळून मारला की ठणका थांबतो, हे निरीक्षण त्यात आहे आणि ते खरे आहे. घराघरांत आजही दाढेखाली धरली जाणारी लवंग हीदेखील लोकसमजूत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यकाने केव्हाच आपलेसे केले. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण नलिका बंद करताना आजही वापरले जाते.

जाळण्यापासून साफ करण्याकडे जाणारी वाट मात्र नव्या हत्यारांनी उघडली. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून बारीक केली आणि तिने नलिकेतील मेलेला गाभा ओढून काढला. (हाच मेनार्ड पुढे बंदुकीच्या शोधांसाठी अधिक प्रसिद्ध झाला.) न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, त्यामुळे लाळेपासून दात कोरडा ठेवता येऊ लागला. १८६७ च्या सुमारास बोमन यांनी रिकामी झालेली नलिका भरण्यासाठी गटापर्चा वापरला.

गटापर्चा हा मलाया प्रदेशातील एका झाडाचा चीक. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट. खाऱ्या पाण्यात कुजत नाही. दंतवैद्यांच्या आधी त्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते समुद्राखालच्या तारायंत्राचे. १८७० साली सुएझ आणि एडनमार्गे मुंबईला जी समुद्री तार पोहोचली, तिच्यातील तांब्याला याच चिकाचे आवरण होते. अरबी समुद्राच्या तळाशी ज्या गुणांसाठी तो वापरला गेला, त्याच गुणांसाठी तो आजही दाढेच्या मुळात भरला जातो. दीडशे वर्षांत त्याला पुरता पर्याय सापडलेला नाही. रूट कॅनालनंतरच्या क्ष-किरण चित्रात मुळांत दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा असतात त्या गटापर्चाच्याच. त्यात मिसळलेल्या धातूंच्या संयुगांमुळे त्या उठून दिसतात.

हत्यार आले, भरण आले. पण आत काय आहे ते कोणालाच दिसत नव्हते. बोटांना जाणवेल तेवढेच ज्ञान. रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांची वार्ता डिसेंबर १८९५ च्या अखेरीस दिली आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये नलिकेत शिशाची तार घालून चित्र काढले. नलिका कुठवर जाते आणि तार कुठे थांबली, हे तेव्हा प्रथमच डोळ्यांनी पाहता आले.

केल्स यांनी या दृष्टीची किंमत हाताने मोजली, आणि तीही शब्दशः. त्या काळी यंत्राची जुळणी करताना दंतवैद्य स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. त्यांच्या बोटांना कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात, मग बाहू. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्येच गिनिपिगांवर प्रयोग करून या किरणांचा धोका दाखवून दिला होता. तोही बराच काळ कोणी मनावर घेतला नाही. दिसलेली गोष्ट व्यवहारात उतरायला पिढी-दोन पिढ्या लागतात, याचे या इतिहासातले हे पहिले उदाहरण, शेवटचे नव्हे.

क्ष-किरण हाती आले म्हणजे नलिका-उपचारांचे दिवस पालटायला हवे होते. झाले उलटे. १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. कुजलेल्या, सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल चढवण्याच्या पद्धतीवर त्यांनी कोरडे ओढले. तक्रार वाईट कामाविरुद्ध होती आणि ती रास्त होती. पण वैद्यकविश्वाने त्यातून निराळाच अर्थ काढला: मेलेला दात तोंडात ठेवणेच घातक, संधिवातापासून हृदयविकारापर्यंत सगळ्याचे मूळ तिथेच. न्यू जर्सीत ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्याच्या नावाखाली रुग्णांचे दात उपटले, पुढे इतर अवयवही काढले. तीस वर्षे हे वारे वाहत राहिले. दात वाचवण्याची विद्या शिकण्यात कोणालाच अर्थ वाटेना.

नेमक्या याच काळात झुरिकमध्ये वॉल्टर हेस एक चिकाटीचे काम करीत होते. काढून टाकलेल्या दातांचा आतला भाग स्वच्छ करून त्यात ते मऊ रबर दाबून भरीत, उष्णतेने ते रबर कडक करीत, आणि मग सबंध दात आम्लात विरघळवून टाकीत. दात नाहीसा होई आणि त्याच्या आतल्या पोकळीचा साचा तेवढा हाती राही. असे सुमारे २८०० दात त्यांनी तपासले. हे काम १९१७ मध्ये जर्मन भाषेत आणि १९२५ मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने आले.

त्या साच्यांची चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पाठ्यपुस्तकातली सरळ, निमुळती नळी कुठेच नाही. नलिका फुटतात, जुळतात, एकमेकींना आडव्या वाटांनी मिळतात, टोकाशी त्रिभुज प्रदेशासारख्या पसरतात. आणि वरच्या पहिल्या दाढेत, गालाकडच्या पुढच्या मुळात, एका नलिकेशेजारी दुसरी बारीक नलिका: ज्या दाढेत तीनच असाव्यात असे सगळे मानत होते, तिच्यापैकी निम्म्याच्या आसपास दाढांत हेस यांना चार आढळल्या.

या चित्रांनी खळबळ माजायला हवी होती. पण काळाच्या हवेत त्यांचा अर्थ सहज उलटा लावता येत होता. आतली रचना इतकी गुंतागुंतीची असेल, तर ती साफ होणारच कशी? मग काढूनच टाकावी दाढ. ज्या पुराव्याने ‘नीट शोधा’ असे सांगायला हवे होते, त्याने ‘शोधू नका’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयता मुद्दा दिला. वैद्यकाच्या इतिहासात अचूक निरीक्षणाचे इतके विपरीत नशीब क्वचितच पाहायला मिळते.

भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते याच काळात. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. आज मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ महापालिकेचे जे दंत महाविद्यालय आहे ते हेच. १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला आणि बाजारात बसून दात उपटणाऱ्यापासून शिकलेल्या दंतवैद्याला कायद्याने वेगळे केले गेले. पुढे शासकीय दंत महाविद्यालये मुंबईखेरीज नागपूर आणि औरंगाबाद येथेही उभी राहिली. पण पहिल्या पिढ्या ज्या काळात शिकल्या, त्या काळात जगभरच दाढ वाचवणे हा अपवाद होता आणि काढणे हा नियम. ‘दाढ दुखते, काढून टाका’ हे वाक्य आपल्याकडे आजही ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्यामागे गरिबी आहेच. तो नियमही आहे.

वारे फिरायला दोन गोष्टी कारण झाल्या. १९३८ साली सेसिल आणि अँजेविन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासून दाखवले की दात आणि टॉन्सिल काढल्याने संधिवात बरा होत नाही. आणि १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवर एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, काही नेहमीच्या. दोघांच्याही दाढांना भोक पाडून गाभा उघडा केला. नेहमीच्या उंदरांचा गाभा कुजला. निर्जंतुक उंदरांच्या गाभ्याने मात्र जखमेवर नवे डेंटिन रचून भोक बुजवायला सुरुवात केली. शत्रू मेलेला दात नव्हे, जंतू आहेत. जंतू काढले तर दात राहू शकतो. मग प्रश्न एकच उरला: जंतू लपतात त्या सगळ्या जागा सापडतात का?

चार वर्षांनी, १९६९ मध्ये, फ्रँकलिन वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या २०८ पहिल्या दाढांची गालाकडची पुढची मुळे कापून पाहिली. निम्म्याहून किंचित अधिक मुळांत दोन नलिका निघाल्या. हेस यांनी जे रबराच्या साच्यात पाहिले होते, तेच आता करवतीखाली दिसले. फरक एवढाच, की या वेळी वाचणारे दाढ वाचवण्याच्या विचारात होते. उत्तम केलेले उपचार काही महिन्यांनी का फसतात, याचे एक उत्तर त्यांना मिळाले. या नलिकेला पुढे ‘एमबी-टू’ हे नाव रूढ झाले, आणि आज भारतातला दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ते नाव परीक्षेच्या भीतीने का होईना पाठ करतो.

ती इतकी चकवते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे जागा. दाढ वरून उघडली की गालाकडच्या पुढच्या नलिकेचे आणि टाळूकडच्या नलिकेचे अशी दोन ठळक तोंडे दिसतात. चौथीचे तोंड साधारण या दोहोंना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास असते, पण त्यावर बहुधा डेंटिनची एक लहानशी पडवी आलेली असते. ती खरवडून मागे सारल्याशिवाय तोंड दिसत नाही. दुसरी गोष्ट सावली: ही नलिका पहिलीच्या मागे, टाळूच्या बाजूला असते आणि किरण समोरून गालातून येतात, त्यामुळे साध्या चित्रात दोन्हींची मिळून एकच रेघ उमटते. तिसरी गोष्ट म्हणजे वय. जसजशी वर्षे जातात तसतसे दातात आतून डेंटिन साचत जाते आणि आधीच केसासारखी बारीक असलेली वाट आणखी अरुंद होते. वापरायच्या सर्वांत बारीक फाइलचे टोक ०.०६ मिलिमीटर असते. चार फायली एकमेकींना लावून ठेवल्या तरी पाव मिलिमीटर भरत नाही.

सावलीच्या अडचणीवर एक जुनी युक्ती आहे. १९१० मध्ये क्लार्क यांनी सांगितलेला नियम असा: यंत्र थोडे बाजूला सरकवून दुसरे चित्र घ्यावे; गालाकडची वस्तू एका दिशेला सरकते, आतली दुसऱ्या. एकावर एक पडलेल्या दोन रेघा अशा रीतीने सुट्या होतात. या युक्तीला जादा खर्च एका फिल्मचा. शंभर वर्षांनंतरही ती लहान गावातल्या दवाखान्यात तितकीच उपयोगी आहे.

दरम्यान जपानमध्ये डोळ्याऐवजी विजेने पाहण्याची वाट निघाली. सुझुकी यांनी १९४२ मध्ये आणि सुनादा यांनी १९६२ मध्ये दाखवले, की नलिकेत घातलेले हत्यार आणि तोंडाची त्वचा यांच्यामधला विद्युतरोध मुळाच्या टोकाशी ठरावीक असतो. वय कितीही असो, दात कोणताही असो. आज दवाखान्यात ओठाला एक आकडा अडकवून दंतवैद्य फाइल आत सरकवतो आणि यंत्र टिकटिकू लागते, ते या शोधाचेच वंशज. रुग्णाला तो आवाज घाबरवतो. त्याचा अर्थ मात्र ‘टोक जवळ आले, आता थांब’ एवढाच.

सगळ्या अवघड नलिका वरच्याच दाढेत असतात असे नाही. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी वेगवेगळ्या नलिकाच नसतात. सगळ्या मिळून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एक वळलेली फट असते, आणि ती गोल फायलींनी साफ करणे म्हणजे खराट्याने घागरीचा गळा घासण्यासारखे. १९७९ मध्ये कुक आणि कॉक्स यांनी तिची नोंद केली. चीन आणि कोरियातील लोकांत ती विशेष आढळते. खालच्या पहिल्या दाढेला कधी जिभेकडे एक जादा मूळ फुटलेले असते. त्याची नोंद व्हिएन्नाचे गेओर्ग काराबेली यांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. पूर्व आशिया आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांत हे मूळ पुष्कळ आढळते, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टी टर्नर यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत माणूस कुठून आला याचा माग काढताना त्याचा आधार घेतला. तिबेटच्या पठारावर सापडलेल्या किमान १,६०,००० वर्षे जुन्या डेनिसोव्हा मानवाच्या जबड्यातही तीन मुळांची दाढ आहे. दंतवैद्याला घाम फोडणारे मूळ इतिहासकाराला लाखो वर्षांची वाट दाखवते, हा या विषयातला एक गमतीचा भाग.

वाकड्या नलिकांची अडचण निराळी होती. पोलादी फाइल वाकते, पण सरळ होण्याचा हट्ट सोडत नाही. वळणावर ती भिंतीत खाच पाडते, क्वचित मूळच फोडते. १९८८ मध्ये हरमीत वालिया, ब्रँटली आणि गेर्स्टाइन यांनी दात सरळ करण्याच्या उपचारात वापरली जाणारी निकेल-टायटॅनियमची तार घेऊन तिच्यापासून फाइल बनवली. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत शोधला गेलेला. वाकवला तरी मोडत नाही आणि सोडला की मूळ आकारावर येतो. आज बहुतेक दवाखान्यांत यंत्राला लावून फिरवल्या जाणाऱ्या फायली याच धातूच्या आहेत. वळणे त्यांनी सोपी केली. न सापडलेली नलिका मात्र कोणत्याही धातूने साफ होत नाही.

सापडण्याचा प्रश्न सुटू लागला तो सूक्ष्मदर्शकाने. कान आणि डोळ्याचे शल्यवैद्य तो कित्येक वर्षे वापरत होते. दातासाठी हार्वे अपोथेकर यांनी १९८१ च्या सुमारास खास यंत्र बनवून घेतले. ते बोजड निघाले आणि चालले नाही. १९९० च्या दशकात गॅरी कार यांच्यासारख्यांनी त्याचा पुन्हा पाठपुरावा केला आणि १९९८ पासून अमेरिकेतील नलिका-उपचारांच्या विशेष अभ्यासक्रमात त्याचे शिक्षण सक्तीचे झाले.

त्यानंतर लगेच, १९९९ मध्ये, जॉन स्ट्रॉपको यांनी प्रसिद्ध केलेली नोंद या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी आहे. त्यांनी स्वतः उपचार केलेल्या वरच्या १७३२ दाढांचा हिशेब मांडला. पहिल्या दाढांत चौथी नलिका त्यांना एकूण ७३ टक्के वेळा सापडली होती. पण जसा अनुभव वाढला, प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ राखून ठेवला गेला, सूक्ष्मदर्शक नेहमी वापरात आला आणि खास बारीक हत्यारे हाती आली, तसे ते प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. माणूस तोच, हात तेच. या यादीत ‘वेळ’ हा शब्द यंत्रांच्या बरोबरीने आला आहे, तो वाचताना सहसा सुटतो.

त्याच सुमारास इटली आणि जपानमध्ये सीबीसीटी हे त्रिमितीय क्ष-किरण यंत्र आले. दाढेचे बटाट्याच्या कापांसारखे आडवे छेद आता संगणकावर पाहता येतात. सावलीचा घोटाळा संपला. २०११ मध्ये चेन्नईच्या दंतवैद्यांनी वरच्या एका पहिल्या दाढेत या यंत्राच्या साहाय्याने आठ नलिका शोधून त्या भरल्याची नोंद ‘जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स’मध्ये आली. अशी दाढ विरळा. पण ती ओळखणारे डोळे आपल्या देशातले आहेत, हे नोंदवायला हवे.

सीबीसीटीची मात्रा साध्या दंतचित्राहून जास्त असते, म्हणून ते सरसकट काढायचे नसते. भारतात अशा यंत्रांवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. दंतवैद्याच्या दवाखान्यातील सीबीसीटीला ज्या संस्थेचा परवाना लागतो, तीच संस्था मुरबे गावापासून किनाऱ्याने काही किलोमीटर उत्तरेला १९६९ पासून चालू असलेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेवरही लक्ष ठेवते. केल्स यांच्या हाताने जे शिकवले, त्याचे नियमांत रूपांतर व्हायला इतकी वर्षे लागली.

आता अंतर उरले आहे ते वर्षांचे नव्हे, किलोमीटरांचे आणि रुपयांचे. सूक्ष्मदर्शक आणि सीबीसीटी महाग. ते मोठ्या शहरांत आणि महाविद्यालयांत आधी येतात. किनाऱ्यावरच्या गावातून पालघर वा बोईसर गाठायचे, तिथे अवघड दाढ निघाली तर मुंबईची वाट धरायची. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, त्यामुळे ही वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली. तरी प्रत्येक खेपेला रोजगाराचा एक दिवस जातो. मच्छीमार कुटुंबाचे गणित आणखी निराळे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हा सवड मिळते, आणि कमाईही तेव्हाच थांबलेली असते. अशा वेळी तीन-चार खेपांच्या उपचाराऐवजी एका खेपेत दाढ काढून घेणे हा अडाणीपणा नसतो, हिशेब असतो. त्यातून एकदा पैसे मोडून रूट कॅनाल केले आणि तरी वर्षभरात दाढ पुन्हा ठणकू लागली, तर त्या घरातली पुढची दाढ वाचवायला कोणी तयार होत नाही. राहून गेलेल्या चौथ्या नलिकेचा खरा खर्च हा आहे.

महागड्या यंत्राशिवायही पुष्कळ काही करता येते, हे चांगले दंतवैद्य जाणतात. दाढ उघडताना प्रवेशाचे भोक त्रिकोणी न ठेवता चौकोनाकडे झुकवायचे, म्हणजे चौथ्या तोंडाची जागा मोकळी होते. पोकळीच्या तळावर निळ्या रंगाचा थेंब सोडून धुऊन टाकायचा; नलिकांच्या तोंडांत आणि त्यांना जोडणाऱ्या चिरांत रंग अडकून राहतो. सोडियम हायपोक्लोराइट भरून थोडे थांबायचे: हे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी वापरले गेलेले द्रावण आता नलिका धुण्याचे मुख्य साधन आहे, आणि लपलेल्या तोंडात गाभ्याचा अंश असेल तर तिथून बारीक बुडबुडे वर येतात. डोळ्यावर भिंग, प्रखर दिवा, तिरप्या कोनातून घेतलेले दुसरे चित्र, आणि घाई न करता टोकदार शलाकेने त्या चिरेत चाचपणे. एवढे करूनही सापडली नाही, तर रुग्णाला तसे सांगून पुढे पाठवणे.

उपचार झाला की केसपेपरवर प्रत्येक नलिकेचे नाव आणि तिची मिलिमीटरमधली लांबी लिहायची असते. वरच्या पहिल्या दाढेसाठी तो मजकूर साधारण असा असतो: एमबी-वन, एमबी-टू, डीबी, पी, आणि प्रत्येकीपुढे एकेक आकडा. दुसरा आकडा कोरा असेल, तर नलिका शोधूनही मिळाली नाही की शोधलीच नाही, एवढे शेजारी लिहिलेले असले म्हणजे ती दाढ पुन्हा उघडणाऱ्या पुढच्या दंतवैद्याला सुरुवात कुठून करायची ते कळते.